वाढत्या अंगाचं



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची मी विद्यार्थिनी. त्यामुळे व्यासपीठावर बसल्यापासून मला सारखं वाटतंय, आता मागून आवाज येणार, ‘पोक काढू नकोस, ताठ बैस.’ हे वाक्य न ऐकता बाईंच्या शाळेतून एकही मुलगी बाहेर पडली नसेल. मला मात्र ते इतरजणींपेक्षा जास्त वेळा ऐकावं लागलं. का, ते पुढे सांगते.

आमंत्रण द्यायला मंडळी घरी आली, तेव्हा त्यांनी विचारलं, विषय काय घेणार? मी म्हटलं, मुलींची उंची. क्षणभर कुणी बोलेना. मग एक गृहस्थ चाचरत म्हणाले, ‘म्हणजे कर्तृत्वाची उंची ना?’ नाही हो. सेंटिमीटरमधली. भिंतीला पाठ लावून मोजतात ती. पस्तीस वर्षं मी लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम केलं. सर्वांत जास्त वेळा मी काय केलं असेल तर मुलांना भिंतीशी उभं केलं. त्याच भिंतीबद्दल आज बोलायचं आहे.

मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. तिसरी घाईत उरकावी लागेल, हे आधीच कबूल करते. पण त्याआधी एक वही दाखवते. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून वर्णन करते. लाल कापडी पाठ, हजेरीपटासारखा लांबट आकार, कोपरे कुरतडलेले. बाईंच्या घरच्यांनी ही मला दोन वर्षांपूर्वी दिली. दर जून महिन्यात, शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात, बाई प्रत्येक मुलीची उंची मोजत. जिन्याखालच्या भिंतीवर तेलरंगानं आखलेली पट्टी होती. चपला बाहेर काढायच्या. रिबिनी सोडायच्या, कारण रिबिनीचं फूल दोन बोटं तरी उंची वाढवतं. टाचा, पार्श्वभाग, खांदे भिंतीला टेकलेले. नजर सरळ समोर. हनुवटी वर केली तरी आकडा बिघडतो आणि खाली घातली तरी बिघडतो, म्हणून बाई दोन बोटांनी हनुवटी धरून नीट करत. मग खडूचं रिकामं लाकडी खोकं डोक्यावर ठेवायचं, त्याची एक बाजू भिंतीला घट्ट लावायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. आज दवाखान्यात त्याच कामासाठी हजारो रुपयांचं उपकरण असतं. ते याहून वेगळं काही करत नाही. आणि हो, बाई मोजत त्या सकाळच्या पहिल्या तासाला. हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे! दिवसभर आपण उभे राहतो, चालतो, त्यात मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर बुटका होतो. सकाळी एकदा आणि पुढच्या वेळी संध्याकाळी मोजलं, तर वाढलेली मुलगी न वाढल्यासारखी दिसते.

आता पहिली गोष्ट. मूल वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या डोक्यात एक चित्र असतं. वेल जशी मांडवावर चढते तसं मूल हळूहळू, सारखं, वर वर जातं. हे चित्र चुकीचं आहे. पूर्ण दिवसांची मुलगी जन्मते तेव्हा साधारण ४९-५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वर्षात ती २५ सेंटिमीटर वाढते, म्हणजे जन्माच्या लांबीच्या निम्मी. याच वेगानं वाढत राहिली असती तर दहाव्या वाढदिवसाला तीन मीटरची झाली असती आणि केक कापायला आपल्याला शिडी लागली असती! पण दुसऱ्या वर्षी वेग निम्म्यावर येतो, बारा-एक सेंटिमीटर. तिसऱ्या वर्षी आठ. पुढे वर्षाला पाच ते सहा, असं कित्येक वर्षं चालतं. आणि वयात येण्याच्या अगदी आधी वेग सर्वांत मंदावतो. मांजर उडी मारण्याआधी अंग चोरून बसतं ना, तसं. मग उडी येते. मुलींमध्ये ती साधारण साडेअकरा-बारा वर्षांच्या आसपास शिगेला पोचते आणि त्या एका वर्षात मुलगी आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते, कुणी सहा, कुणी दहा. त्यानंतर उतार.

हे माणसाला कळलं कसं? फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या सरदारानं १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत, अठरा वर्षं, नेमानं मोजली. ब्युफाँ या त्याच्या शास्त्रज्ञ मित्रानं ते आकडे छापले. वाढीचा आलेख म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही तोच छापतात. सुंदर आलेख आहे. फक्त तो मुलाचा आहे. मुलींकडे बघायला शंभर वर्षं पुढे जाऊ. १८७० च्या दशकात बॉस्टनमध्ये हेन्री बाउडिच या डॉक्टरानं हजारो शाळकरी मुलामुलींची मापं घेतली, तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. बारा ते चौदाच्या सुमारास मुली मुलांपेक्षा उंच असतात.

आता मला सांगा, हे कळायला बॉस्टनला जायची गरज होती? प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावणाऱ्या आपल्या कोणत्याही शाळेतल्या पीटीच्या मास्तरांना हे माहीत होतं. पाचवीपर्यंत सगळे मिसळून. सहावी-सातवीत अचानक रांगेची शेपटी सगळी मुलींची. नववीत मुलगे वर सरकतात. मुलग्यांची उडी येते दोन वर्षं उशिरा, म्हणजे उडी मारण्याआधी त्यांना हळूहळू वाढायला दोन वर्षं जास्त मिळतात, आणि उडीही थोडी मोठी असते. पुरुष बायकांपेक्षा सरासरी तेरा सेंटिमीटर उंच असतात, त्यातलं बरंचसं श्रेय या जादा दोन वर्षांना. मर्दानी हाडाला नव्हे, नुसत्या उशिराला! (हे मी घरी सांगितलं तेव्हा कुणाला फारसं आवडलं नव्हतं.)

वहीकडे परत येते. एका वर्गाची तीन नावं मी निवडली. नावं सांगणार नाही, हजेरी क्रमांक सांगते. चार, सतरा आणि तेवीस. तिघी एकाच वर्षी, दोन-तीन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेल्या. चौथीत, म्हणजे नऊ वर्षांच्या असताना, चार नंबर १३४ सेंटिमीटर, सतरा नंबर १२७.५, तेवीस नंबर १२३. पाचवीत चार नंबर एकदम १४१.५. सतरा १३२.५, तेवीस १२७.५. सहावीत चार नंबर १४७.५ आणि तेवीस नंबर १३२. साडेपंधरा सेंटिमीटरचा फरक, मंडळी! एकाच बाकावर बसल्या तर मावशी आणि भाची वाटाव्यात. सतरा नंबर मधे कुठेतरी, १३९. सातवीत बघा. चार नंबर १५०, म्हणजे वर्षभरात फक्त अडीच. सतरा नंबर १४६.५, ही तिची उडी, साडेसात. तेवीस अजून १३७. आठवीत १५१, १५१ आणि १४४. नववीत चार नंबर १५१.५, सतरा १५३ आणि तेवीस १५०.५. आणि दहावीत? चार नंबर १५२. सतरा १५४. तेवीस, जिला आम्ही ‘चिमणी’ म्हणायचो, तीही १५४.

शर्यत नव्हतीच ती. तिघी वेगवेगळ्या वेळी निघाल्या आणि जवळपास एकाच गावाला पोचल्या.

आता एक गंमत करते. या तिघींची सरासरी काढू. दरवर्षी सरासरी किती वाढली? ५.७, ५.७, ५, ४.२, ३, १.७. उडी कुठे गेली? प्रत्येकीनं एका वर्षात सात-साडेसातची उडी मारलेली आहे, मी आत्ताच वाचून दाखवली. सरासरीत सहाचा आकडासुद्धा नाही! उड्या वेगवेगळ्या वर्षी पडल्या, त्यामुळे एकमेकींना त्यांनी सपाट केलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्रज्ञ नेमकं हेच बजावून सांगत होते. प्रत्येक मुलाची स्वतःची लय असते आणि सरासरी ती लय पुसून टाकते. म्हणून तर १९४८ पासून लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावातल्या एका बालगृहात जेम्स टॅनर यांनी तीच ती मुलं वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा मोजली. वयात येण्याच्या ज्या पाच पायऱ्या आज प्रत्येक बालरोगतज्ज्ञ टॅनरच्या नावानं ओळखतो, त्या या कामातून आल्या. आमच्या बाईंनी टॅनरचं नाव ऐकलं नसावं. पण तीच मुलगी, तीच भिंत, दर जूनला, हे त्यांनीही केलं.

आता ‘पोक काढू नकोस’चं कोडं सोडवते. चार नंबर म्हणजे मी.

हसताय ना? हसा. सहावीत मला ‘शिडी’ म्हणायचे. प्रार्थनेच्या रांगेत मी सगळ्यांत मागे. आई शिंप्याकडे जाऊन सांगायची, ‘वाढत्या अंगाचं शिवा हो.’ शिंपी फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवायचा. दिवाळीला शिवलेला फ्रॉक एप्रिलमध्ये दुमड सोडूनही गुडघ्याच्या वर. सोडलेल्या दुमडीची न विटलेली पट्टी खाली दिसायची, गडद रंगाची, जणू वाढ किती झाली त्याची नोंदच. आणि मी काय करत होते? खांदे पाडून, मान खाली घालून, वह्या छातीशी धरून चालत होते. सातवीत मी ठरवलं होतं की आपण सहा फूट होणार आणि आपलं लग्न व्हायचं नाही. सातवीच्या त्या जूननंतर मी एकूण दोन सेंटिमीटर वाढले. बस. आज अध्यक्षांच्या शेजारी उभी राहिले तर माइक खाली करावा लागतो, ते तुम्ही मघाशी पाहिलंच.

म्हणजे तेव्हा मला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं: तू लवकर निघालीस म्हणून पुढे दिसते आहेस. आणि तेवीस नंबरला: तू उशिरा निघाली आहेस, ये सावकाश.

इथून मी दुसऱ्या गोष्टीकडे येते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

दवाखान्यात वर्षानुवर्षं एकच प्रसंग घडायचा. आई बारा वर्षांच्या मुलीला घेऊन येते. मुलीला बाहेर बसवते. आवाज खाली आणते. ‘डॉक्टर, मागच्या महिन्यात सुरू झालं हिचं. आता उंची वाढायला लागेल ना? काय खायला घालू?’ आता मी काय उत्तर देऊ? तेव्हा वाढायला लागेल असं नाही, वाढून होत आलेली असते.

क्रम नीट लक्षात घ्या. सुरुवात पाळीनं होत नाही. ती होते छातीला येणाऱ्या छोट्याशा गाठीनं, बहुतेकींना नऊ ते अकराच्या दरम्यान. बोराएवढी, दुखरी आणि पुष्कळदा आधी एकाच बाजूला. कितीतरी आया घाबरून येतात, ‘गाठ आहे डॉक्टर, डाव्या बाजूला.’ मी त्यांना पाणी देते आणि म्हणते, घाबरू नका, उजवीकडचीही येईल. ती गाठ म्हणजे उंचीच्या उडीची तुतारी. त्याच्या आगेमागे पावलं वाढतात. म्हणून त्या वर्षी चपला सारख्या तोकड्या पडतात. मग पाय लांबतात, मुलगी नुसती तंगड्यांची दिसते. शेवटी धड. हा सगळा काळ वेग वाढत असतो. वेग शिगेला पोचतो, उतरायला लागतो आणि उतार सुरू झाल्यावर, साधारण वर्षभरानं, पहिली पाळी येते. त्यानंतर सरासरी पाच ते सात सेंटिमीटर शिल्लक असतात. पाळी लवकर आली तर थोडे जास्त, उशिरा आली तर कमी.

असं का? हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते. उंची वाढते ती तिथे. स्त्री-संप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, आधी या पट्टीला चाबूक मारतं आणि मग हळूहळू तीच पट्टी हाडात मुरवून बंद करतं. वाढवणारं तेच, थांबवणारंही तेच. पुरुषांतसुद्धा पट्टी बंद करतं ते इस्ट्रोजेनच! १९९४ मध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनची भाषाच कळत नव्हती. तो २०४ सेंटिमीटर उंच होता आणि अजून वाढत होता. हाडाचं वय होतं पंधरा.

पट्टी बंद झाली की संपलं. मग टीव्हीवरची पावडर नाही, सिंगल बारला लटकणं नाही, दोरीच्या उड्या नाहीत. लटकल्यानं खांदे मजबूत होतात, एवढं मी नक्की सांगू शकते. पट्टी उघडी आहे का, हे डाव्या हाताच्या मनगटाच्या एक्स-रेवरून कळतं आणि तो एक्स-रे त्या पावडरच्या एका डब्यापेक्षा स्वस्त असतो.

पण आपल्याला पाळी म्हणजे सुरुवात असं का वाटतं? आपल्या भाषेकडे बघा. न्हाण आलं. पदर आला. शहाणी झाली. कावळा शिवला. किती शब्द! एका दिवसाला इतकी नावं आणि त्याच्या आधीच्या तीन वर्षांना एकही नाही. छातीला गाठ आली, चपला तोकड्या पडल्या, एका वर्षात आठ सेंटिमीटर वाढली, या काळाला मराठीत नाव काय? ‘उफाड्याची आहे’ म्हणतो आपण. तेही कौतुकानं नव्हे, धास्तीनं.

आणि या शब्दांनी एकेकाळी जीव घेतलेले आहेत. पदर आला म्हणजे शरीर पुरं झालं, असा अर्थ होता. पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधान संस्कार, ही रूढी होती. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, दहाचं वय बारावर नेणारा, तेव्हा पुण्यात केवढं रण माजलं ते तुम्हाला ठाऊक आहे. टिळक विरोधात. रामकृष्ण गोपाळ भांडारकर शास्त्रांचा आधार काढून बाजूनं. दोन्हीकडचे विद्वान श्लोक मोजत होते. मुलीचं कमरेचं हाड मोजायला कुणी गेलं नाही.

कारण तिथे वेगळंच गणित आहे. उंची जवळपास पूर्ण झाल्यावरही कटीच्या हाडांमधला जन्ममार्ग वाढत असतो. त्याची वाढ सावकाश, उंचीसारखी उडी न मारता होते आणि पाळी आल्यानंतरही काही वर्षं चालू राहते. पाळी आलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी दिसायला बाईसारखी दिसते. बाळंत व्हायला ती अजून मुलगीच असते. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे ती फिलाडेल्फियाला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा. आपल्या आवडीचा विषय तिनं कुठून आणला, हे कुणाला विचारायला नको.

ही फार जुनी गोष्ट झाली, असं तुम्ही म्हणाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. पाचांतली एक. या सभागृहात रांगेत पाच-पाच खुर्च्या आहेत. मोजून बघा.

तेव्हा पदर आला म्हणजे झाली तयार, असं म्हणायचे. आज पाळी आली म्हणजे आता वाढेल, असं म्हणतात. एक म्हणणं घाईचं, दुसरं उशिराचं. दोन्हीत त्या एका दिवसाकडे बघून आधीची आणि नंतरची वर्षं विसरायची खोड तीच.

तिसरी गोष्ट. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा भराभर.

उंचीचं बरंचसं आईबापांकडून येतं. दोघांची उंची मिळवा, निम्मी करा, मुलीसाठी त्यातून साडेसहा सेंटिमीटर वजा करा. त्याच्या आठ-एक सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे मुलगी जाते. पण आईबापांना तरी त्यांची पूर्ण उंची मिळाली होती का? दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत वीस सेंटिमीटरनं उंच झाल्या. त्यांचं रक्त बदललं नाही. ताट बदललं, पाणी बदललं, आजारपणं कमी झाली. त्याच शंभर वर्षांत भारतीय बायका वाढल्या सुमारे पाच सेंटिमीटर. आपल्याकडे पाच वर्षांखालची तीनांतली एकाहून अधिक मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, महाराष्ट्रातही तेच प्रमाण, आणि ती बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच मागे पडतात. पहिल्या वर्षातले ते पंचवीस सेंटिमीटर आठवा. तिथे चोरी झाली की वयात येतानाच्या उडीतून सगळी भरपाई होत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या बायकांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं जन्मताना मोठी भरली. म्हणजे मुलीच्या उंचीची गोष्ट तिच्या आईच्या ताटात सुरू होते. आणि आईच्या ताटात काय उरतं, ते मी या सभागृहातल्या बायकांना सांगायला नको.

आता माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरं झालं असं मला वाटणार नाही.

नोकरीची पहिली वर्षं. तालुक्याच्या गावी शाळा तपासणीला जायचे. दिवसात दोनशे मुलं. डोळे, दात, घसा, पुढचा. एका वर्गात रांगेत सगळ्यांत पुढे एक मुलगी, ठेंगणी, मानेपाशी जरा रुंद, हसरी, हुशार. मास्तर म्हणाले, ‘हिचा नंबर कायम पहिलाच, मॅडम. उंचीतसुद्धा!’ सगळे हसले. मीही हसले आणि कार्डावर ‘प्रकृती ठीक’ लिहिलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा पहिली. मी पुन्हा तेच लिहिलं. मागच्या वर्षीचं कार्ड काढून दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले असते, तर दिसलं असतं की वर्षात ती चार सेंटिमीटरसुद्धा वाढली नव्हती. ती सोळाव्या वर्षी पुन्हा माझ्यासमोर आली, पाळी आली नाही म्हणून. टर्नर सिंड्रोम. मुलींच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. त्यातलं एक तिच्यात नव्हतं. दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. लवकर कळलं तर वाढीच्या संप्रेरकाचा उपयोग होतो, योग्य वयात इस्ट्रोजेन देता येतं. आणि मुख्य म्हणजे हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायची असतात. ते सगळं पाच वर्षं उशिरा झालं. तिचं बुटकेपण मी दरवर्षी माझ्या हातानं लिहीत होते आणि वाचत नव्हते.

म्हणून लक्ष उंचीकडे ठेवू नका, वेगाकडे ठेवा. एकच आकडा मुका असतो. दोन आकडे आणि मधलं वर्ष मिळालं की ते बोलायला लागतात. लहानपणी वर्षाला पाचच्या खाली जाऊ लागली तर दाखवा. उंची थांबली आणि अंग भरायला लागलं तर थायरॉइड तपासा. आठ वर्षांच्या आत छातीला गाठ आली किंवा तेरा वर्षांपर्यंत आलीच नाही, तर वाट बघत बसू नका. आणि आठ वर्षांची पोर वर्गात एकदम उंच दिसायला लागली, तर पेढे वाटण्याआधी जरा थांबा. चार नंबर आठवा.

संयोजकांना मी एक विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली. बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी भिंतीवर पट्टी लावली आहे. बाईंच्या शाळेतलं खडूचं खोकं मिळालं नाही, मिठाईचं रिकामं खोकं आहे, पण कोपरे काटकोनात आहेत, मी तपासले. वहीही तिथेच ठेवते, शेवटची तीस पानं कोरी आहेत. ज्यांच्याबरोबर नाती, लेकी आल्या असतील, त्यांनी आज मोजून घ्यावी आणि तारीख घालावी. संध्याकाळ आहे, तेव्हा सेंटिमीटरभर कमी भरेल, तसं समासात लिहा. पुढच्या वर्षीही व्याख्यान याच वेळेला असेल, त्यामुळे हिशेब जुळेल. चपला काढून यायचं. आणि रिबिनी, आता त्या कुणी बांधत नाही, पण ते डोक्यावरचे मोठे क्लिप काढा.